माझा पाच दिवसांचा उपवास

मित्रांनो, मी एक जुनी मासोळी आहे. तुम्ही म्हणाल, मासोळीला म्हातारी म्हणतात, जुनी तर खुर्ची असते! बरोबर आहे तुमचं. पण आमच्या टाकीवरच्या चिठ्ठीत ‘जुन्या, सहा’ असंच लिहिलंय आणि मला ते म्हातारीपेक्षा बरं वाटतं. माझं वय अडीच वर्षं. हसू नका. आमच्यात अडीच वर्षांची म्हणजे पेन्शनीत निघालेली बाई.

मी झेब्राफिश जातीची. लांबीला लहान मुलाच्या करंगळीएवढी, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे नि चंदेरी पट्टे. दिसायला मी छान आहे, हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण बाकीच्या पाचजणी सांगणार नाहीत. पनवेलच्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे, तिथे काचेच्या टाकीत आम्ही सहाजणी राहतो.

माझे आजी-आजोबा आपटा गावाच्या बाजूचे, पाताळगंगा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यातले. तिथली माणसं मासळी ओळखण्यात एकदम पक्की, पण आमच्या जातीला मात्र त्यांनी नावच ठेवलेलं नाही. कालवणात घालायला आम्ही फारच बारीक! जे ताटात येत नाही त्याला नाव कोण देणार? कॉलेजात आल्यावर आम्हाला नाव मिळालं, तेही इंग्रजी.

माझा जन्म इथेच झाला. आमचं अंडं काचेसारखं आरपार असतं. आत बाळ कसं वाढतं, हृदय कसं धडधडतं, सगळं बाहेरून दिसतं. म्हणून तर शास्त्रज्ञ लोकांना आमचं एवढं वेड! मी अंड्यात असतानाच एका मुलीने मला सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि ती ओरडली, “ए, हृदय चालू झालं हिचं!” जन्माला येण्याआधीच कोणीतरी माझ्यासाठी ओरडलं होतं. असं किती जणांच्या नशिबी असतं, सांगा बरं?

ती मुलगी म्हणजे नोगाताई. पनवेलच्या ज्यू कुटुंबातली. उंच, चष्मेवाली, सारखी घाईत. ती इथे संशोधन करते, आणि तिचं संशोधन माझ्या शेपटीवर आहे! आमच्या शेपटीच्या परांची कड कापली तर ती दोन आठवड्यांत पुन्हा उगवते. माणसाचं बोट कापलं तर उगवतं का? नाही ना? मग आमचं कसं उगवतं, हे कळलं तर पुढे माणसांच्या जखमा लवकर भरता येतील, असं नोगाताईला वाटतं. माझी शेपटी दोनदा कापली, दोनदा उगवली. दुसऱ्यांदा इतकी सुंदर उगवली की कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात माझा हा एवढा मोठा फोटो लागला होता. शाळेची मुलं त्याच्यापुढे उभी राहून सेल्फी काढत होती म्हणे.

शेपटी कापताना दुखत नाही का, असं तुम्ही विचाराल. पूर्वी दुखत असणार. पूर्वी इथे मासोळ्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवायचे आणि शेपटी तशीच कापायचे. “माशाला कुठे काय कळतं?” असं सगळे म्हणायचे. मग जास्मीन मॅडम इथे मुख्य म्हणून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ती बादली उचलून बाहेर ठेवली आणि म्हणाल्या, “ज्यांना पाठीचा कणा आहे त्या सगळ्या प्राण्यांसाठी नियम आहेत. माशाला कणा असतो. ताटाच्या कडेला काटा काढून ठेवता तेव्हा दिसत नाही का तुम्हाला?” पनवेलमध्ये मासे सगळेच खातात. काटा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो कणा आहे हे जेवताना कोणाच्या डोक्यात येतं?

तेव्हापासून आमचे दिवस बदलले. प्रयोग मासोळीशिवाय होत असेल तर मासोळी घ्यायचीच नाही. घ्यायची तर लागतील तेवढ्याच. एकटीला कोंडायचं नाही, कारण आम्ही घोळक्याने राहणाऱ्या. पाणी कोमट. शेपटी कापताना किंवा फोटो काढताना आधी गुंगीच्या पाण्यात ठेवायचं. आणि रोज सकाळी प्रत्येकीकडे बघून एक तक्ता भरायचा. पोट फुगलंय का, तळाशी बसून आहे का, दाण्याकडे येते का. प्रत्येक त्रासाला गुण. आणि मित्रांनो, हे तुमच्या परीक्षेच्या उलट असतं, इथे गुण जितके जास्त तितकं वाईट! चार गुण झाले की त्या मासोळीला आणखी त्रास सोसायला लावायचा नाही. तिला कडक गुंगीच्या पाण्यात सोडायचं, ज्यातून पुन्हा जाग येत नाही. ऐकायला कसंतरी वाटतं, पण मी बादलीच्या काळातल्या गोष्टी ऐकल्यात. तडफडत पडून राहण्यापेक्षा हे बरं, असं आमच्या टाकीत सगळ्यांचंच मत आहे.

आम्हाला दाणे घालतात ते काळूरामकाका. पनवेलजवळच्या कोन गावचे. सकाळी लवकर येतात, फरशी पुसतात, टाक्या घासतात, दोन वेळा खायला घालतात. आमच्याशी रोज बोलणारे तेच एकटे. “काय बायांनो, झोप झाली काय?” असं रोज विचारतात. आमचं खाणं म्हणजे तपकिरी भुगा, त्याला सुकटीसारखा वास येतो. ओहो, तो वास! डबा उघडल्याबरोबर मी वर धावते. मी थोडी हावरी आहे, हे आत्ताच कबूल करते, कारण पुढे ते तुम्हाला कळणारच आहे.

आता खरी गोष्ट ऐका.

फेब्रुवारी महिना संपत आला होता. गुरुवारी आमच्या शेपट्यांचे फोटो काढायचे होते. गुंगी द्यायची तर आदल्या दिवशी पोट रिकामं हवं, असा नियम. म्हणून मंगळवारी संध्याकाळी नोगाताईने एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उपवास’, आणि ते आमच्या टाकीला चिकटवून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. आणि मित्रांनो, त्या बुधवारी महाशिवरात्र होती!

कॉलेजला सुट्टी. काळूरामकाका एकटेच आले, कारण सुट्टी असली तरी आम्हाला भूक लागतेच. त्यांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून हसायला लागले.

“आयला, नोगाताईंनी तुमाला बी महाशिवरात्र पाळायला लावली? बरं केलान! माझा बी उपास हाय.”

आणि ते विचारात पडले. उपासाला सुकटीच्या वासाचा भुगा कसा चालणार? मग त्यांनी आपला डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी! काकांनी त्यातले मिरचीचे, दाण्याचे तुकडे बाजूला केले, साबुदाणे नळाखाली धुतले, बोटांनी कुस्करले आणि आमच्या टाकीत सोडले.

“घ्या बायांनो, फराल. मिरची नाय लागू दिली हां.”

बाकीच्या पाचजणींनी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. त्या शहाण्या. आणि मी? मी खाल्लं! चिकट होतं, बेचव होतं, पण खाणं ते खाणं. पाचजणींच्या वाट्याचंही मीच खाल्लं.

गुरुवारी फोटो झाले. गुंगीच्या पाण्यात मला जरा मळमळलं, पण निभावलं. नोगाताईला दुपारीच अलिबागला निघायचं होतं, तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. ती इतक्या घाईत होती की कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर, एक चप्पल पायात, एक हातात. “काका, चार दिवस तुमच्यावर हं! तक्ता तेवढा भरा!” असं ओरडत ती जिना उतरली.

आणि कार्ड? कार्ड टाकीवरच राहिलं.

मग काय झालं असेल, तुम्हीच ओळखा. गुरुवारी संध्याकाळी साबुदाणा. शुक्रवारी साबुदाणा. आता काका घरून मुद्दाम वेगळा, बिनमिठाचा शिजवून छोट्या डबीत आणायला लागले होते. शनिवारी ते कार्डाकडे बघून म्हणाले, “काय कडक व्रत धरलंय तुमी! आमची म्हातारी पन एवढे दिवस उपास नाय धरत.” पण त्यांनी कार्डाला हात लावला नाही. कार्ड हाय म्हंजे उपास हाय, असा त्यांचा सरळ हिशोब. आणि तक्त्यात ‘खाते का?’ या प्रश्नापुढे त्यांनी रोज नीट बरोबरची खूण केली. खोटं कुठे होतं त्यात? मी खातच होते! बाकीच्या पाचजणी मात्र काचेवरचं शेवाळ टोचून दिवस काढत होत्या.

रविवारी संध्याकाळपर्यंत माझं पोट फुगून टरटरीत झालं. पोहायला गेले की एका बाजूला कलंडायचे. आत सगळा खळीसारखा चिकट गोळा बसलेला. सोमवारी सकाळी मला वर जाताच येईना. मी तळाशी बसून राहिले.

काकांनी मला पाहिलं. “काय गं, काय झालं?” त्यांनी काचेवर हळूच बोट टेकवलं. मग डबीकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं, मित्रांनो! त्याच क्षणी कळलं. त्यांनी ती डबी झटकन खिशात घातली.

तेवढ्यात ऑफिसातले प्रभाकरसाहेब दारात उभे राहिले. हातात कागदांचा गठ्ठा.

“काळूराम, तुझ्या वर्षाच्या कंत्राटाचा कागद आलाय. उद्या सही होईल. तोवर तुझं काही लफडं कानावर येऊ देऊ नकोस बाबा. मागच्या वेळचा बल्ब फुटलेला अजून लक्षात आहे वरच्यांच्या.”

“नाय साहेब. काय लफडं नाय.”

प्रभाकरसाहेब गेले. काका फरशी पुसायला लागले. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत होते.

अकरा वाजता नोगाताई धावतपळत आली. हातावर मेंदी, डोळ्यांखाली काळं. “पळस्पे फाट्याला दीड तास अडकलो! गाडी हलेचना!” असं म्हणत तिने पिशवी टाकली आणि टाकीपुढे वाकली. आणि तशीच थांबली.

“अगं बाई... हिला काय झालं?”

तिने तक्ता काढला. एकेक बघत पुटपुटायला लागली. पोट फुगलेलं, दोन. तळाशी, एक. मग तिने सुकटीच्या भुग्याची चिमूट टाकली. ओहो, तो वास! पण मला हलता येईना. दाण्याकडे येत नाही, एक. तिने बेरीज केली. तिला बेरीज येत नाही असं नाही, तरी तिने ती तीनदा केली.

“चार,” ती म्हणाली.

जास्मीन मॅडम आल्या. त्यांनीही मला बघितलं. “या अल्लाह, किती फुगलीय बिचारी. कारण काय वाटतं तुला?”

“आतून काहीतरी संसर्ग असेल, मॅडम. गुरुवारी ठीक होती.”

“मग तिला ताटकळत ठेवू नकोस. तयारीला किती वेळ?”

“साडेबारापर्यंत होईल.” नोगाताई काचेजवळ तोंड आणून म्हणाली, “सॉरी गं. तुला त्रास नाही होऊ देणार.”

मला माहीत होतं, मित्रांनो! मला संसर्ग-बिंसर्ग काही नव्हता. मला साबुदाणा बाधला होता! खोलीत हे फक्त दोघांना माहीत होतं, एक मी आणि दुसरे काळूरामकाका. मी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. पण मासोळीने तोंड उघडलं की माणसांना वाटतं, श्वास घेतेय.

काका खिडकीजवळ उभे होते. फडका पिळत होते, कोरडा फडका.

“नोगाताई,” ते एकदा म्हणाले, “संध्याकालपर्यंत थांबलो तर नाय चालनार काय? बरी होईल एखादवेळ.”

“काका, तिला दुखतंय. थांबायचं म्हणजे तिला आणखी दुखू द्यायचं. म्हणून तर हा नियम केलाय ना?”

नियम खोटा नव्हता. माझ्या भल्यासाठीच होता. फक्त त्या नियमाला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती काकांच्या खिशात होती.

बारा वाजले. नोगाताईने कडक गुंगीचं पाणी तयार केलं. थर्मामीटर लावून आमच्या टाकीइतकंच कोमट केलं, म्हणजे मला धक्का बसू नये. एवढी काळजी! मला रडू आलं असतं, पण पाण्यात रडलेलं कोणाला दिसणार? सव्वाबारा वाजले. मऊ जाळी पाण्यात उतरली. पाचजणी कोपऱ्यात पळाल्या. मी पळू शकले नाही. जाळी माझ्याखाली आली आणि मी वर उचलली जायला लागले.

“थांबा!”

काकांनी हातातला फडका टाकला होता.

“मॅडम, ती आजारी नाय. तिला साबुदाना लागलाय.”

नोगाताईने जाळी पाण्यातच धरून ठेवली.

“काय लागलाय?” जास्मीन मॅडमनी विचारलं.

“साबुदाना. मीच घातला. पाच दिवस.” काकांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. “यांचा उपास होता ना? मंग उपासाला सुकटीचं कसं देनार? आमी फरालाचं दिलं.”

आधी जास्मीन मॅडमच्या तोंडातून विचित्र आवाज आला. मग कळलं की त्या हसू दाबतायत. आणि मग त्यांना ते दाबताच आलं नाही.

पण नोगाताई हसली नाही. “काका! उपवास म्हणजे काही खायचं नसतं!”

“असं कसं? उपास म्हंजे साबुदाना, वरी, रताळं, केळं. शेंगदान्याचा लाडू. सगलं चालतं.”

“आमच्याकडे किप्पूरचा उपवास असतो, त्यात पूर्ण एक दिवस पाण्याचा थेंबसुद्धा नाही घेत!”

“आमच्याकडेही रोजा म्हणजे दिवसभर घोटभर पाणी नाही,” जास्मीन मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

“मंग त्याला उपाशी म्हनतात,” काळूरामकाका ठामपणे म्हणाले. “तुमी ‘उपाशी ठेवा’ असं लिवायचं ना! उपास कशाला लिवलं?”

नोगाताईने तोंड उघडलं आणि मिटलं. अगदी माझ्यासारखं! मग तिची नजर टाकीवरच्या कार्डाकडे गेली. तिने हात लांबवून ते काढलं.

“हे मी गुरुवारीच काढायला हवं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “फोटो झाल्यावर लगेच. मी विसरले. काकांनी काही दिलंच नसतं तर या सहाजणी पाच दिवस...”

आता मात्र जास्मीन मॅडम हसत नव्हत्या. “आधी मासोळी. बाकीचं नंतर. नोगा, तिला समोरून नको बघूस, वरून बघ. संसर्गाने पाणी भरलं असेल तर खवले उभे राहतात. वरून बघितलं की कळतं.”

नोगाताई स्टुलावर चढली आणि वरून बघायला लागली. काकाही टाचा उंचावून डोकावले. त्यांनी जन्मभर मासळी टोपलीत वरूनच बघितलेली.

“खवले चपट आहेत, मॅडम.”

“एकदम गुळगुळीत हायत,” काका म्हणाले.

मॅडमनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ बोलल्या. मध्येच “हो, साबुदाणाच” असं दोनदा सांगावं लागलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “कारण कळलंय, म्हणून डॉक्टरांनी एक दिवस दिलाय. आज काही खायला नाही. पाणी एक अंश गरम ठेवायचं. उद्या सकाळी उकडलेल्या मटाराचा कण, साल काढून. उद्या साडेबारापर्यंत पोट उतरलं नाही, तर मात्र मी थांबणार नाही. काळूराम, तिला दुखतंय हे खरंच आहे. कळलं?”

“कळलं मॅडम.”

“आणि हे तुम्ही सकाळीच का नाही सांगितलंत?”

काकांनी नुसतं ऑफिसच्या दिशेने पाहिलं. मॅडमना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

माझी भीती गेली नव्हती, नुसती एक दिवस पुढे सरकली होती.

मंगळवारी काका नेहमीपेक्षा लवकर आले. घरून मटार उकडून आणला होता. एक दाणा घेतला, साल काढली, नखाच्या टोकाने त्याचा मोहरीएवढा कण केला आणि पाण्यात सोडला. तो हिरवा कण माझ्या नाकासमोरून खाली गेला. मला मुळीच भूक नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच! पण काकांचे डोळे काचेला लागले होते. “खा गं बाय. एवढं खा.” मी खाल्लं.

नऊ वाजले. दहा वाजले. काही नाही. अकराला नोगाताईने तक्ता भरला. पुन्हा चार. साडेअकराला काकांनी दुसरा कण दिला. बारा वाजता नोगाताई कडक गुंगीच्या पाण्याची बाटली घेऊन आली, पण तिने बूच उघडलं नाही. जास्मीन मॅडमही आल्या. तिघंही टाकीपुढे उभे. पंख्याचा आवाज तेवढा.

आणि बारा वाजून वीस मिनिटं झाली असतील, मित्रांनो, मी शी केली.

हो! नाक मुरडू नका! लांबच लांब, पांढरी, दोरीसारखी शी. संपेचना!

“आली! आली!” नोगाताई ओरडली. माझं हृदय चालू झालं तेव्हा ओरडली असेल, त्याहून मोठ्याने. जास्मीन मॅडमनी टाळी वाजवली. काकांनी तर दोन्ही हात जोडले आणि मला म्हणाले, “शाब्बास गं बाय!” प्रदर्शनात फोटो लागला तेव्हाही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं, खरंच सांगते. बाजूच्या वर्गातली मुलं बघायला आली, काय झालं म्हणून. “शी झाली,” असं उत्तर ऐकून ती गेली.

साडेबाराला तक्ता पुन्हा भरला. दोन गुण. संध्याकाळी एक. बुधवारी भुग्याचा डबा उघडला तेव्हा मी पाण्याच्या वर होते आणि सगळ्यांच्या आधी होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नियम असा की चूक झाली की ती लिहून प्राण्यांचे नियम बघणाऱ्या समितीकडे पाठवायची. लपवायची नाही. आमच्या टाकीचे फोटो आणि मोजमापं नोगाताईला बाद करावी लागली, तिची दीड महिन्याची मेहनत गेली. ती त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ बसली होती. मग उठून लिहायला लागली. काका बाजूला उभे होते, भिंतीला टेकून.

“काका, मी लिहिते ते ऐका. ‘कार्ड काढायला मी विसरले. कार्डावरचा शब्द मी नीट निवडला नाही. काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमांचं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.’ चालेल?”

“माझं नाव नाय टाकलान?”

“टाकलंय ना. खाली. ‘काळूराम यांनी स्वतःहून कारण सांगितल्यामुळे प्राण्याचा जीव वाचला.’”

काका बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

जास्मीन मॅडम तो कागद घेऊन स्वतः ऑफिसात गेल्या. काकांच्या कागदावर मंगळवारी सही झाली नाही, बुधवारीही नाही. शुक्रवारी झाली. प्रभाकरसाहेब तो कागद द्यायला आले तेव्हा आमच्या टाकीत डोकावून म्हणाले, “हीच का ती खिचडीवाली?” आणि सगळे हसले. मी शेपटी फिरवली.

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षण झालं. इतकी वर्षं आम्हाला रोज खायला घालणाऱ्या माणसाला कोणी नियम शिकवलेच नव्हते! का, तर ते फरशी पुसतात. काळूरामकाका पहिल्या रांगेत बसले, नोगाताईच्या शेजारी, आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. काय विचारला ते मला इथून ऐकू आलं नाही, पण सगळे वहीत लिहायला लागले एवढं दिसलं.

मला आता प्रयोगाला घेत नाहीत. मी रिटायर झाले. आम्हा सहाजणींना खिडकीजवळची मोठी टाकी मिळाली आहे, सकाळी तिथे ऊन येतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी मासे असतील, कोणाकडे मांजर, कोणाकडे कुत्रा. त्यांच्याबद्दल चांगले नियम करा, नीट पाळा, हे तर मी सांगणारच. पण मला त्याहून एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. तुमच्याकडून चूक होईल. खूप प्रेमाने कराल तरी होईल, कारण काळूरामकाकांइतकं प्रेम आमच्यावर कोणाचंच नव्हतं. ती चूक आम्हाला माहीत असते, पण आम्हाला सांगता येत नाही. सांगू शकता ते फक्त तुम्ही. ओरडा बसेल, लोक हसतील, कदाचित आणखीही काही होईल. तरी सांगा. आणि साडेबाराच्या आत सांगा.